काउंटरपाशी ठेवलेला माल

"मग मी विकायचंच नाही का, महाराज?"

मन्मथ वाण्याचा आवाज चढला होता. मठाच्या ओसरीवर गुरुलिंग स्वामी वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"उंदराचं औषध सगळ्याच दुकानांत असतं. माझ्याकडे नसतं मिळालं, तर तिनं दुसरीकडून घेतलं असतं."

स्वामींनी पुढची वात वळायला घेतली.

ती म्हणजे पेठेतल्या कासाराची कुंदा. मागच्या आठवड्यात मन्मथच्या दुकानात येऊन गेली, आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. तेव्हापासून दुकानाची पायरी कुणी चढलं नव्हतं. मन्मथनं शटर ओढून घेतलं होतं. उद्या उघडायचं होतं. स्वामींनी येऊन घटकाभर दुकानात बसावं, म्हणजे लोक परत येतील, एवढंच मागायला तो आला होता.

"काय घ्यायला आली होती?" स्वामींनी विचारलं.

"साबण."

"साबण..."

"अंगाचा साबण. पैसे देताना काउंटरवरून ते पण उचललं."

"ते काउंटरवर होतं?"

मन्मथ जरा सावरला. हा त्याचा विषय होता. दुकान कसं चालवायचं हे तो सोलापूरला राहून शिकून आला होता. आल्यावर त्यानं वडिलांची फळकुटं काढून मोकळे रॅक लावले होते.

"त्याला शास्त्र आहे, महाराज. तेल, साखर शेवटच्या रांगेत ठेवायची. गिऱ्हाईक सगळं दुकान बघत तिथवर जातं. ज्यात मार्जिन जास्त, ते डोळ्यांच्या उंचीवर. आणि काउंटरपाशी बारकी वस्तू. ब्लेड, गोळ्या, काडेपेटी... जी घ्यायची म्हणून कुणी घरून निघत नाही. नजर पडते, हात जातो. विचार करायला वेळच मिळत नाही, तीच तर त्यातली खुबी..."

बोलता बोलता तो थांबला.

स्वामींनी आता मान वर केली.

"वीरभद्रअप्पा हे औषध कुठं ठेवायचे?"

वीरभद्रअप्पा म्हणजे मन्मथचे वडील. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

"माळ्यावर. शिडी लावून काढायचे." मन्मथ कसंनुसं हसला. "आणि शिडी त्यांना कधी सापडायचीच नाही. 'शिडी कुठं गेली की,' म्हणत दुकानभर फिरायचे. गिऱ्हाईक ताटकळत उभं. ह्यांचं आपलं चालूच. उंदीर फार झालेत का, घरी कोण कोण असतं, जेवलीस का, डोळे का असे दिसतात... निम्मी माणसं न घेताच परत जायची. मी किती भांडलो त्यांच्याशी. शिडी तर दाराआडच असायची, रोज!"

स्वामींनी हातातली वात खाली ठेवली.

"कुंदाचं बिल कुणी केलं?"

"मीच."

"कशी दिसत होती?"

मन्मथ उपरण्याचं टोक चाळवू लागला.

"मन्मथ."

"मी बिलाच्या मशीनकडे बघत होतो, महाराज."

झाडणाऱ्या बाईनं अंगणात खराटा फिरवला.

"तुम्ही येणार नसाल," मन्मथ म्हणाला, "तर निदान विभूती द्या. गल्ल्याला लावीन."

"आत वरच्या फळीवर डबी आहे. माझा हात पुरत नाही. तूच काढून घे."

मन्मथ आत गेला. फळी उंच होती.

"स्टूल कुठंय?"

"असेल इथंच कुठंतरी. बघ."

त्यानं बाजेखाली पाहिलं. पोत्यांमागे पाहिलं. स्वामी सावकाश उठून उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

"जेवलास का आज?"

"हो... नाही."

"झोप लागते?"

मन्मथ हंड्यामागे वाकला होता. तो तसाच राहिला.

"घरात बोलतं का रे कुणी तुझ्याशी?"

मन्मथ खाली बसला. भिंतीला डोकं टेकून तो रडला. लहान पोर रडतं तसा, आवाज करून. स्वामी त्याच्याजवळ भुईवर बसले. पाठीवर हात ठेवला. डबीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

उन्हं ओसरीवरून उतरली.

मन्मथनं उपरण्यानं तोंड पुसलं, आणि जायला म्हणून दाराकडे पाहिलं.

"महाराज... स्टूल तर दाराआडच आहे."

"माहीत आहे, बाळा."