नाव विचारायचा दगड

दगडाला टेकू नका पाहुणे, आणि आधी तुमचं नाव सांगा. बंधाऱ्यावर येणाऱ्याला आम्ही पहिलं हेच विचारतो. रागावू नका, रीतच आहे इथली. दगडावर काही शोधू नका, तो कोराच आहे.

फार पूर्वी गावात एक विधवा होती म्हणे. एक डोळा गेलेला. आधी ती वरच्या आळीची धाकटी सून होती, मग दादल्यामागं राहिलेली बाई, आणि शेवटी नुसती काणी. काणी, शेण उचल. काणी, बाजूला हो. हाक मारली की यायची, म्हणून आणखी काही विचारायची गरज कुणाला पडली नाही.

एका सुगीत सकाळच्या वेळी तिला बंधाऱ्यातून पाणी झिरपताना दिसलं. खेकड्यांनी माती पोखरली होती. ती धावत खळ्यावर आली. तिथं रायाजी पाटकरी होता. शेतांना पाण्याच्या पाळ्या लावायचं आणि बंधारा राखायचं काम त्याचं. तो हसत म्हणाला, "दोन डोळ्यांच्या माणसाला दिसलं नाही, ते काणीला दिसलं होय?" सगळं खळं हसलं. हा रायाजी आमचाच मूळपुरुष. सांगताना अजून लाज वाटते, पण हे आमच्याच घरानं सांगायचं, असं तेव्हाच ठरलंय.

ती एकटीच परत गेली. भोकात चिखल कोंबला आणि तो वाहून जाऊ नये म्हणून पाठ लावून बसली, असं सांगतात. दुपारी लोक पोचले तेव्हा वरची माती तिच्यासकट खाली बसली होती. भोक बुजलं होतं. खालची घरं वाचली.

दहाव्याला भटजींनी विचारलं, "बाईचं नाव?" सगळा गाव हजर, पण कुणालाच ठाऊक नाही. माहेर कुठलं, तेही नाही. एक म्हातारी "का..." एवढंच म्हणाली आणि तोंडात पदर धरून बसली. रायाजीला तर तोंड लपवायला जागा उरली नाही. नावं ठेवायला आम्हाला जन्मभर वेळ होता, नाव विचारायला नव्हता. तिच्यासाठी घडवलेला दगड तसाच कोरा उभा केला.

आजही गावात आलेली नवी सून आधी इथं येते. आमच्या घरचा कर्ता तिला विचारतो, "बाई, तुझं नाव काय?" ती मोठ्यानं सांगते, आणि तेच नाव पुढं चालतं. सासरी नवं नाव ठेवत नाहीत. मग तो दगडाकडे वळून तोच प्रश्न पुन्हा विचारतो. गेली तीस वर्षं विचारणारा मी आहे. उत्तरासाठी थोडं थांबायचं असतं. आम्ही थांबतो, आणि खालमानेनं घरी जातो.