भिकाजी उंदराची बचत

फार वर्षांपूर्वी शेताच्या बांधाखाली भिकाजी उंदीर, त्याची बायको गोदी आणि त्यांची पिल्लं राहत असत. एका वर्षी दाणे कमी मिळाले. "आता खाण्यात काटकसर करायची," भिकाजीने बजावलं. पण स्वतःच्या पानातला एक दाणाही त्याने कमी केला नाही. पिल्लांचं गोदीला कमी करवेना. मग तीच उरलंसुरलं खाऊन निजू लागली.

एकदा जेवताना पाहुण्यांसमोर भिकाजी मिशा पिळत म्हणाला, "बघा, कशी बचत केली मी!"

गोदीचं डोकंच भडकलं. "तुम्ही केलीत? उपाशी तर मी राहिले!" तिने त्याच्या पानातले अर्धे दाणे आपल्या पुढ्यात ओढले.

"अगं, एवढ्याने माझं पोट कसं भरेल?"

"माझं भरतं का, हे कधी विचारलंत?" गोदी म्हणाली आणि पाहुण्यांसमोरच जेवू लागली.