वहिनींच्या पाटावर

“मग आता तरी दुकान काढू का, चाचा?”

मंदावहिनींच्या पडवीत उकिडवे बसून इलाहीचाचा कॉम्प्रेसरकडे बघत राहिले. मिरजेतली ही हवा दाबून भरणारी यंत्रं दुरुस्त करता करता म्हातारा झालेला हा मिस्त्री. शागीर्दाला मोकळं करायचं तर त्याचं एक काम स्वतः तपासायचं, ही त्यांची रीत.

आणि शागीर्द प्रल्हाद! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. गाळा बघून ठेवलेला, दुकानाचं नावही ठरलेलं. अडलं होतं ते चाचांच्या होकारावर. त्यावाचून मिरजेत त्याला कुणी दारात उभं केलं नसतं.

“काय काय बदललंस?”

“पिस्टनच्या रिंगा, पट्टा, फिल्टर. सगळं नवं कोरं.”

“आणि टाकीवरचा सेफ्टी वॉल्व्ह?”

“तो सारखा फुसफुस करायचा, चाचा. वहिनी गौरीचे मुखवटे रंगवतात, त्यांच्या फवाऱ्याचा जोरच जायचा. वैताग नुसता! काढला आणि तिथं बूच मारलं. आता बघा, कसं चिडीचूप.”

चाचांनी त्या बुचावर बोट टेकवलं.

मग त्यांनी भिंतीकडचा पाट ओढला आणि टाकीला खेटून ठेवला. याच पाटावर, याच जागी बसून वहिनी दिवसभर रंग मारायच्या.

“चालू कर. आणि बस इथं.”

प्रल्हाद बसला. समोर चाचा, टाकीला गुडघा लावून. यंत्र धडधडू लागलं.

हवेच्या दाबाचा काटा चढत गेला. टाकी भरली की यंत्र आपणहून बंद व्हायला हवं. ते काही होईना. प्रल्हाद यंत्रावर वाकला. बंद करणारा स्विचच अडकलाय, हे आत्ता कुठं त्याच्या टाळक्यात शिरलं. वॉल्व्ह बिचारा उगाच ओरडत नव्हता, जादा हवा बाहेर सोडत होता.

“चाचा…”

“बस.”

काटा लाल रेघेला टेकला. पत्रा आतून कण्हल्यासारखा वाजला.

“चाचा, उठा की!”

“वहिनी उठतात?”

प्रल्हादनं झेप घेऊन प्लगच उपटला. टाकीखालची चावी सोडली. कोंडलेली हवा किंचाळत बाहेर पडली आणि पडवीभर धूळ उडाली. चाचा जागचे हलले नाहीत.

वहिनी चहा घेऊन आल्या. “झालं का रे दुरुस्त? मुखवटे खोळंबलेत माझे.”

हो म्हणणं सोपं होतं. चाचांच्या देखत स्वतःच्या हातानं नाक कापून घ्यायचं म्हणजे… प्रल्हादनं प्लगची वायर गुंडाळून बाजूला ठेवली.

“नाही, वहिनी. चुकलो मी. तुमच्या जिवावर बेतलं असतं. नवा स्विच आणि नवा वॉल्व्ह घालून देतो. तोवर याला हात लावू नका.”

दोघं अंगणात आले.

“दुकान राहू द्या, चाचा.”

“का?”

“भीती बसली. आता कुठलंही यंत्र चालू करताना हात कापेल माझा.”

चाचांनी चपला पायात सरकवल्या…

“मग उद्याच दुकानाची पाटी रंगवायला टाक.”