माणसाच्या जागी
वृद्धाश्रमात सत्यनारायण मांडला होता. अंथरुणाला खिळलेल्या गोदूआजींना पूजा डोळे भरून पाहायची होती, म्हणून नव्या यंत्रमानवाने त्यांना अलगद उचलून दारापर्यंत आणलं. त्यांना पाहून आश्रम सांभाळणाऱ्या वत्सलाताईंचा ऊर आनंदाने भरून आला. तेवढ्यात पूजेला बसलेले अध्यक्ष दाजीसाहेब कडाडले, "ते यंत्र बाहेरच ठेवा. माणसाच्या जागी वस्तू, हे देवाधर्मात चालायचं नाही."

वत्सलाताईंनी हात जोडले. "दाजीसाहेब, वहिनी लेकीकडे गेल्यात, म्हणून त्यांच्या जागी तुम्ही कमरेला सुपारी खोचून बसलात. देवाला ती चालली. हा तर आजींना कडेवर घेऊन आलाय."

गुरुजींनाही हसू आवरेना. दाजीसाहेबांनी कमरेची सुपारी चाचपली आणि सरकून आजींना आपल्या शेजारी जागा करून दिली.