जरबेऱ्याची मान

एक होता राजा. आता राजा म्हटलं की तुम्हाला लढाई हवी. पण हा राजा गोष्टीत फारसा नाही, बरं का. गोष्ट आहे त्याच्या राणीची, हौसाक्काची.

हौसाक्का हळदीच्या मुलखातली. माहेरी नजर जाईल तिथवर हळदच हळद. तिथं काय करतात, रोप जरा वर आलं की त्याच्या बुडाशी माती चढवतात. त्याला म्हणतात भर लावणं. भर लावली की खाली कंद पोसतो. हौसाक्का लहानपणापासून हेच शिकली. जीव लावायचा म्हणजे भर लावायची.

तिला एक लेक होती, रंगू. रंगूच्या आधीचं एक लेकरू थंडी बाधून गेलं होतं. ते दुःख हौसाक्काच्या पोटात तसंच होतं. म्हणून रंगूला ताप आला तेव्हा तिनं खिडक्या लावून घेतल्या, एकावर एक तीन गोधड्या घातल्या. ताप आठवड्यात गेला. गोधड्या काही गेल्या नाहीत. चार महिने झाले, पोर अंथरुणातच. पाय काडीसारखे झाले, तोंड पिवळं पडलं. रंगू म्हणायची, "आई, गुदमरतंय मला." राणीला वाटायचं, पोर तापात बडबडतेय. मग ती गोधडी आणखी वर ओढायची.

एकदा काय झालं, राजवाड्याच्या दारात एक म्हातारी आली. डोक्यावर पाटी, पाटीत जरबेऱ्याची तीन रोपं. म्हणाली, "लेकी, ही तुझ्या हातानं परसात लाव. यातलं एक जरी फूल उमललं, तरी त्या दिवशी रंगू आपल्या पायांनी चालत येईल. फक्त रोपाची मान..." पण पुढचं ऐकायला राणी थांबतेय कुठली? रोपं घेऊन ती परसात पोचलीसुद्धा. आपल्यातही असं अर्धं ऐकून पळणारं कोण आहे, ते मी सांगत नाही.

मग तिनं पहिलं रोप लावलं. जरबेऱ्याच्या मधोमध कोवळी पानं फुटतात ना, तो गाभा. तीच त्याची मान. राणीनं हळदीसारखी भर लावली, पार गाभा बुडेपर्यंत. चार दिवसांत रोप सडलं.

मग दुसरं लावलं. तिला वाटलं, मातीच कमी पडली. म्हणून आणखी चढवली, वर तांब्याभर दूध ओतलं. ते तर तीनच दिवसांत गेलं. राजा हळूच म्हणाला, की माळ्याला विचारून बघावं. राणीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की राजा आपला गोष्टीतून परत बाहेर गेला.

मग उरलं एकच. हे गेलं तर रंगू गेली, असं राणीच्या मनानं घेतलं. डोळ्यांत पाणी, पण हातांना ठाऊक होतं ते एकच. तिनं ओंजळी ओंजळीनं माती चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालायला वाकली, तर आवाज आला, "आई, गुदमरतंय मला."

राणी धावत रंगूच्या खोलीत गेली. रंगू शांत झोपलेली. राणी परत आली. पुन्हा तोच आवाज, मातीतून. "आई, गुदमरतंय मला. माझी मान उघडी कर."

राणी रोपाशी खाली बसली. म्हणाली, "बाळा, पण उघड्यावर तू जगशील कसं?"

रोप म्हणालं, "ऊन घेईन, वारा घेईन. माझी मुळं मातीतच आहेत की. आणि तू तरी कुठं लांब जाणार आहेस?"

मग राणीनं बोटांनी हळूहळू माती बाजूला केली. गाभा काळवंडायला लागला होता. पाणी घातलं ते कडेकडेनं. मग दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली, नाहीतर ते पुन्हा भर लावायचे. एक दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी गाभ्यातून कळी वर आली, हरभऱ्याएवढी.

कळीकडे बघता बघता राणीला आठवलं, ते शब्द आधी कुणाचे होते. ती तशीच उठली. रंगूच्या खोलीत जाऊन खिडकी उघडली. एक गोधडी काढली. मग दुसरी काढली. तिसरीला हात थांबला, बरं का. फार अवघड होतं ते. लढाईपेक्षा अवघड. मग तीही काढली. म्हणाली, "चुकलं गं माझं. ये बाहेर."

रंगू भिंतीला धरून उठली. राणीनं तिला उचललं नाही, नुसती शेजारून चालली. त्या दिवशी पोर दारापर्यंत गेली. मग काही दिवसांनी तुळशीपर्यंत. आणि मग एका सकाळी थेट कळीपाशी येऊन बसली. तेव्हा कळी उमलली. तांबडं फूल, रंगूच्या तळहाताहून मोठं.

आता म्हातारी म्हणाली होती, फूल उमललं की पोर चालेल. इथं तर पोर आधी चालली, मग फूल उमललं. मग कोण कुणाची वाट बघत होतं? मला विचारू नका, मी काही तिथं नव्हते.

पुढं परसभर जरबेरे झाले. नवं रोप लावताना राणीचा हात अजून मातीकडे जायचा. सवयच ती. मग रंगू म्हणायची, "आई, मान." आणि राणी हात मागं घ्यायची. सगळी सुखात राहिली. राजासुद्धा, त्याला कुणी विचारलं नाही तरी.

चला, आता तोंडावरच्या गोधड्या खाली घ्या बघू सगळ्यांनी. मी इथंच आहे. झोपा.