वाकडी डोण

चिरेवाडीच्या टेकडीवर कड्यातून बारमाही पाणी ठिबकते. त्याखाली काळ्या दगडात कोरलेली गुरांची डोण आहे, कोपरात वाकवल्यासारखी मध्येच वळलेली. ती पाहून पाहुणे हसले की देवीचे पुजारी हैबतीबुवा म्हणतात, "हसा, पण आधी ऐका."

फार पूर्वी, असे सांगतात, हे पाणी मातीत मुरून जाई आणि गुरे नुसती ओल चाटत. एका कडक उन्हाळ्यात गावाने ठरवले, वैशाखी पुनवेपर्यंत पाणी साठले नाही तर वाडी उठवायची. तेव्हा निंबा पाथरवटाने भंडारा उचलला. डोण पुरी होईतो डोक्याला पागोटे घालणार नाही, असा देवीला शब्द दिला.

निंबाच्या हातात कसब होते, पण जीव उतावीळ. डोण निम्मी कोरून झाली की दगडात चीर दिसे. दगडच खोटा, म्हणून तो दुसरा धरी. नव्या दगडावरचा पहिला घाव कुणाला गोड लागत नाही? अशा अकरा डोणी अर्ध्या राहिल्या. एक ना धड भाराभर चिंध्या, असे लोक म्हणू लागले. पुनव चार दिवसांवर आली आणि बाराव्या दगडातही चीर निघाली. निंबाने छिन्नी टाकली आणि तो रडला म्हणे.

त्याची बायको धानाई भाकरी घेऊन आली होती. ती म्हणाली, "चीर नाही असा दगड हाय का कुठं? वळसा घाला तिला. वाकडी झाली तर होऊ द्या, म्हशीला काय कळतंय."

पाथरवटाने वाकडे काम द्यायचे म्हणजे बापजाद्यांच्या नावाला बट्टा. निंबाने तोही गिळला. चिरेच्या चार बोटे अलीकडे त्याने घाव वळवला.

पुनवेच्या सकाळी गाड्या जुंपलेल्या होत्या. धानाईच्या म्हशीने कड्याखालच्या भरल्या डोणीत तोंड घातले, ते वर काढीचना. मग एकेक करून बैल सोडले गेले. निंबाच्या डोक्याला धानाईने पागोटे बांधले.

पुढे हयातभर निंबा जुन्या डोणीच पुऱ्या करत बसला. पाच झाल्या, सहा राहिल्या.

आजही चिरेवाडीत घराचा पाया काढायचा असो की लग्न धरायचे असो, आधी बोडक्या डोक्याने येऊन त्या सहांतल्या अर्ध्या राहिलेल्या डोणीवर एकवीस घाव घालतात. अशाच पाच पुऱ्या होऊन आता शेवटच्या डोणीची कड तेवढी उरली आहे. बुवा पाहुण्यांच्या हातीही छिन्नी देतात आणि विचारतात, "घरी काय अर्धं ठेवून आलात?"