गालावरचा हात

“मग चुकलं कुठं, मास्तर? एवढं एकच सांगा.”

दस्तगीर मास्तर खिडकीशी बसून बशीत चहा ओतत होते. वय ऐंशीच्या पुढचं. चाळीस वर्षं त्यांनी स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली. गडहिंग्लजातल्या त्या काळच्या एकाही नवरीच्या फोटोत देवीचा वण दिसत नाही, ते या माणसामुळं.

समोर उभा रणधीर पोवार, एके काळचा त्यांचा शिष्य. सहा महिने पेन्सिल घासली, मग कॉम्प्युटर घेतला आणि म्हाताऱ्याला मागं टाकलं म्हणून गावभर सांगत सुटला. तसं ते खोटंही नव्हतं.

आज चार वर्षांनी तो मास्तरांचा जिना चढला होता.

“बस की.”

“बसायला वेळ कुठाय? परवा आप्पांचं वर्षश्राद्ध. फोटो तयार, फ्रेम तयार. आणि आई म्हणते, भिंतीला लावू नकोस.”

त्यानं फ्रेम टेबलावर ठेवली.

फोटोत त्याचे वडील हसत होते. पांढरा सदरा, मागं निळसर रंग, चेहरा स्वच्छ. मास्तरांनी भिंग लावून वरून खालपर्यंत पाहिलं. जोड कुठं सापडला नाही.

“काम एक नंबर,” ते म्हणाले. “मला जमलं नसतं.”

रणधीरची मान जरा ताठ झाली.

“तेच म्हणतो मी. मग आई का...”

“ती काय म्हणाली? तिच्याच तोंडचं सांग.”

रणधीर घुटमळला.

“म्हणाली, हे कुणाकडं बघून हसाय लागल्यात?”

“मूळ फोटो हाय?”

रणधीरनं मोबाइल पुढं केला.

अंगणात खुर्ची. आप्पांची दाढी नुकतीच झालेली. कानाखाली साबणाचा फेस राहिलेला, आणि तो पुसायला बाजूनं आलेला एक हात. हिरव्या बांगड्या, पदराचं टोक. हाताची सावली आप्पांच्या गालावर पडलेली. आप्पांचं कॅमेऱ्याकडं लक्षच नव्हतं.

“हात आईचा?”

“होय.”

“काढलास.”

“मग काय ठेवू?” रणधीर तडकला. “हार घालायचाय त्या फोटोला! जित्या माणसाचा हात हाराखाली ठेवतात का कुणी? आत्या घर डोक्यावर घेईल. आणि तुम्हीच शिकवलंय, मयताच्या फोटोत जित्याचं बोटसुद्धा ठेवायचं नाही.”

“शिकवलंय खरं.”

“हात काढला, फेस काढला. गालावरची सावली पण पुसली. तेही तुम्हीच शिकवलं. वस्तू काढली की तिची सावली काढ, नाहीतर चोरी उघडी पडते.”

“तेबी शिकवलं.”

मास्तरांनी मोबाइल फ्रेमशेजारी ठेवला. भिंग इकडं नेलं, तिकडं नेलं.

“आणि डोळं?”

रणधीर फ्रेमची कड चाचपू लागला.

“हिथं बाजूला बघत्यात. फ्रेममदी समोर बघत्यात.”

“...बुबुळं जरा सरळ केली.”

“कशापायी?”

आता मात्र रणधीर खुर्चीवर टेकला. आवाजातला तोरा गेला होता.

“आप्पा माझ्याकडं बघून कधी हसलेच नाहीत, मास्तर. शेत सोडून कॅमेरा धरला, तेव्हापासून धड बोललेसुद्धा नाहीत. हसरा म्हणून हा एकच फोटो निघाला. म्हटलं, भिंतीवरनं तरी...”

मास्तरांनी आपली चहाची बशी त्याच्यापुढं सरकवली. चहा निवला होता, तरी तो प्याला.

मग मास्तरांनी खिशातनं काडेपेटी काढली आणि मोबाइलवर आडवी धरली. बांगड्या झाकल्या, पदर झाकला, हात झाकला. गालावरची सावली तेवढी राहिली.

“डोळं व्हतं तिकडं फिरव,” ते म्हणाले. “हात काढ. सावली ऱ्हाऊ दे.”

रणधीरला वाटलं, म्हातारा भ्रमला.

“मास्तर, हात नाही आणि सावली आहे? नवशिकं पोरगंसुद्धा ही चूक करत नाही. येणारा-जाणारा विचारेल, ही सावली कसली म्हणून.”

“इचारंल की.”

“लोक तोंडात शेण घालतील माझ्या. म्हणतील, एवढा मोठा फोटोग्राफर आणि बापाच्याच फोटोत...”

“घालतील की.”

“मग?”

मास्तरांनी भिंग सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि डबीत ठेवलं.

“तुझी आई इचारायची न्हाई.”